शेवट ठाऊक असूनही

आमच्या लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. जमिनीवर पोते अंथरून बसावयाचे आणि यंत्राची घरघर ऐकत चित्रपट पाहावयाचा. एका वर्षी तेथे राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला 'पाठलाग' (१९६४) आला. एका वकिलाची पत्नी मरण पावते आणि पुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री पोलिसांच्या हाती सापडते. "मीच तुमची पत्नी," असे ती त्या वकिलाला सांगते. खरे काय, हे जाणण्यास मी अधीर झालो होतो. परंतु आदल्या रात्री तो पाहून आलेल्या मित्राने मला शेवट सांगून टाकला! मी त्याच्याशी अबोलाच धरला. तरीही चित्रपटास गेलो. आणि नवल असे की, न्यायालयातील प्रसंग सुरू होताच माझी छाती धडधडू लागली. शेवट तर ठाऊक होता. मग ही धडधड कशाची?

याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. रहस्यपटांचे विख्यात दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकास प्रदीर्घ मुलाखत दिली. तीत त्यांनी एक उदाहरण दिले आहे. काही माणसे मेजापाशी साध्या गप्पा मारीत बसली आहेत. अकस्मात मेजाखालच्या बाँबचा स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण किती वेळ? पंधरा सेकंद. आता तोच प्रसंग निराळ्या रीतीने दाखवावा. बाँब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे. तो एक वाजता फुटणार आहे आणि भिंतीवरील घड्याळात पाऊण वाजला आहे. त्याच निरर्थक गप्पा आता प्रेक्षकास असह्य होतात. 'अरे, बोलत काय बसलात? उठा!' असे त्याला ओरडावेसे वाटते. धक्का पंधरा सेकंदांचा, उत्कंठा मात्र पंधरा मिनिटांची! नुसते दचकविणे काय, दाराआडून 'भॉ' करणारे पोरही दचकविते.

हिचकॉक यांच्या 'रिअर विंडो' (१९५४) या चित्रपटात पाय मोडल्यामुळे चाकांच्या खुर्चीस खिळलेला एक छायाचित्रकार खिडकीतून समोरची बिऱ्हाडे न्याहाळीत असतो. समोरच्या एका गृहस्थाने पत्नीचा खून केला असावा, असा त्याला संशय येतो. पुरावा शोधण्यासाठी त्याची मैत्रीण त्या घरात शिरते आणि तेवढ्यात तो गृहस्थ परत येतो. तिला ते ठाऊक नाही. आपल्याला मात्र दिसत असते. नायक जागचा हलू शकत नाही आणि आपणही. मी हा प्रसंग चार वेळा पाहिला. चारही वेळा मुठी आवळल्या गेल्या.

रहस्यपट म्हणजे हलकी करमणूक, खरी कला ती गंभीर नाट्यपूर्ण चित्रपटांत, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) पाहा. एका तरुण मुलीचे फसवून वृद्ध वकिलाशी लग्न लावले जाते आणि ती ते नाते मानण्यास ठाम नकार देते. येथे बाँब नाही, खुनी नाही. पार्श्वसंगीतदेखील नाही; केवळ घरातील व रस्त्यावरील आवाज. तथापि घरात एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. नवऱ्याच्या वयाची आठवण करून देणारे ते घड्याळ दिसले की, जीव कासावीस होतो. शांता आपटे यांची ती मानी मुलगी हार मानणार नाही, हे आपण ओळखून असतो. आणि केशवराव दाते यांच्या त्या म्हाताऱ्याचाही, आश्चर्य म्हणजे, आपल्याला राग येता येता कळवळा येऊ लागतो. हिचकॉक यांच्या घड्याळाहून हे घड्याळ मला अधिक भेडसावते, हे मी कबूल करतो.

जत्रा उठण्याच्या आदल्या दिवशी मीच त्या मित्राच्या घरी गेलो. तो ओशाळून उंबऱ्यातच उभा राहिला.

"पैसे आहेत का रे?" मी विचारले. "आज 'पाठलाग'चा शेवटचा खेळ आहे."