डबीला गाव विचार

मिने, परवा केळवणाला सगळ्यांसमोर काही बोलले नाही. पंगतीत तुझंच कौतुक चाललं होतं, 'मिनूला लग्नाचं तेज चढलंय हं', आणि तू लाजत लाजत पर्समधून ती पांढरी डबी काढून वहिनीला दाखवत होतीस. मी पुरीचा घास घेऊन गप्प राहिले. पण एकोणीस वर्षं डोंबिवलीत पार्लर चालवून माझी नजर बिघडलीय गं. मला तेज दिसायच्या आधी मान दिसते. तीन आठवड्यांत चेहरा दोन छटा उजळला आणि मान होती तिथेच राहिली, तर ते तेज लग्नाचं नसतं.

तुझ्या हातातून डबी घेऊन मी उलटी केली, तेव्हा तू म्हणालीस, "संपत आलीये ताई, ऑफिसमधल्या तिच्याकडून दुसरी मागवलीये." मी किती उरलंय ते बघत नव्हते. गाव बघत होते. हे स्थळ सांगून आलं तेव्हा काकांनी काय काय विचारलं होतं, आठवतंय ना? मूळ गाव कुठलं, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलाचे मामा काय करतात. नोकरीची खात्री करून घ्यायला हिंजवडीपर्यंत माणूस पाठवला होता त्यांनी. आणि रोज रात्री जे तोंडाला फासून झोपतेस, त्याला घरातल्या एकानेही विचारलं नाही, बाबा रे, तू कुठला?

आपल्याकडे बनलेल्या क्रीमवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं आणि आत काय काय घातलंय, एवढं छापलेलं असावंच लागतं. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सरकारी नोंदणीचा नंबर. तुझ्या डबीवर एक गुलाब आहे आणि 'नाईट' एवढा शब्द. बस्स.

अकोल्याचं ते प्रकरण तू वाचलं नसशील. 2023 च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. एकाच घरातल्या तिघी, कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण. तिथल्याच एका ब्यूटिशियनकडून घेतलेली गोरं करणारी क्रीम तिघीही लावायच्या. चेहरा उजळला, लोक विचारायला लागले, आणि काही महिन्यांत तिघींच्याही किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांना प्रश्न पडला, एका घरात तिघींना एकदम हे कसं? शेवटी क्रीम तपासायला दिली. आत पारा निघाला. शिकलेली मुलगी होती गं ती, तुझ्याएवढीच हुशार.

पारा चेहऱ्यावर काय करतो ते सांगते, म्हणजे 'पण ताई, फरक तर पडला ना' हे तुझं उत्तर तूच गिळशील. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनने येतो ते बनवायला शरीरात एक एन्झाइम लागतं. पारा त्याचं काम अडवतो. नवा रंग बनेनासा झाला की चेहरा फिका पडतो. म्हणून अशी क्रीम 'काम करते', आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. भेसळीच्या मिठाईने निदान पोट तरी बिघडतं, दुसऱ्या दिवशी कळतं. ही आधी गुण दाखवते. तोवर पारा कातडीतून रक्तात उतरलेला असतो, आणि रक्त गाळायचं काम किडनीचं. गाळणी फाटली की रक्तातलं प्रथिन लघवीतून वाहून जायला लागतं. लघवीला फेस येतो, पावलांवर सूज येते, सकाळी उठल्यावर डोळे सुजल्यासारखे दिसतात, आणि आपण म्हणतो लग्नाची दगदग.

केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी तर हिशोबच मांडला. 2021 च्या जुलैपासून 2023 च्या सप्टेंबरपर्यंत किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यातल्या 15 जणांत त्या आजाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते. आपल्या कायद्याप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायचाच नाही, चुकून आला तर दहा लाखांत एक भाग, त्यावर नाही. पण कायदा डबीवरचा पत्ता बघून दारात जातो. पत्ताच नाही तर तो जाणार कुठे?

अजून एक खूण ऐक, ही तुझ्या कामाची आहे. पाऱ्याच्या काही क्रीमवर बारीक अक्षरात सूचना असते की सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, कुठल्याही सोनाराला विचार. लग्नानंतर रात्री ही क्रीम लावून मंगळसूत्र घालून झोपणार होतीस तू. सोन्याला जे चालत नाही ते गालाला चालतं, असं कोणी ठरवलं?

डबीत पारा नसेलही. मग बहुतेक स्टेरॉइड असेल. इसबावर डॉक्टर थोडे दिवस देतात ती मलमं घोटून घातलेली. तीही आधी चेहरा लोण्यासारखा करतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि बंद केली की आग आग. 2018 साली सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी औषधाच्या दुकानात 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हटलं की मिळते, हे तुलाही माहीत आहे. माझ्या खुर्चीवर महिन्यातून एखादी तरी येते अशी, 'ताई, उन्हात गेलं की चेहरा पेटतो' म्हणत.

आता म्हणशील, ही स्वतः मोठी शहाणी. नाही गं. मी तुला जे सांगणार आहे ते आजवर तुझ्या भाओजींनाही नीट सांगितलेलं नाही.

2016 ची गोष्ट. लग्नसराई तोंडावर, माझं किट रिकामं, आणि दुकानाचं डिपॉझिट भरून हातात पैसे नव्हते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या एका गल्लीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "फर्स्ट कॉपी हवी की त्याखालची?" जसं काही बासमती आणि कोलम. नावाजलेल्या कंपनीचा फाउंडेशनचा पॅलेट, पापण्या चिकटवायचा गोंद, काजळ, सगळं मूळ किमतीच्या पाव भागात. "सेम टू सेम मॅडम, फक्त बिल नाही मिळणार." मी खोका हुंगला, उघडझाप केली, झाकण टक् करून बसलं. घेतलं.

आठ दिवसांनी अंबरनाथला एक नवरी. सकाळी सातला मेकअप, नऊवारी, मुंडावळ्या, काय गोड दिसत होती. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना. मी पण तसंच समजले. होमाशी बसेपर्यंत दोन्ही पापण्या टरारून सुजल्या. गोंद लावलेल्या रेषेवर लाल चकती. तिची आई धावत माझ्याकडे आली, आणि मी काय बोलले असेन? "धूर लागलाय काकू, थंड पाण्याचा हात फिरवा." सप्तपदीच्या सगळ्या फोटोंत त्या पोरीचे डोळे मिटलेले आहेत. तिच्या सासूने म्हणे भटजींना दोष दिला, समिधा ओल्या आणल्या म्हणून.

तो गोंद मी घरी येऊन फेकला. पण सांगितलं नाही कुणाला. तिला नाही, त्या गल्लीतल्या माणसाला जाब विचारायला गेले नाही, तक्रार तर लांबच. कशी करणार? बिल कुठे होतं? आणि तक्रार करायची म्हणजे 'मी नवरीला नकली माल लावला' हे आधी कबूल करायचं. तो धंदा नेमका याच्यावरच चालतो बघ. विकणारा बिनधास्त असतो, कारण फसलेली बाई स्वतःच लाजेने दार लावून घेते. सेलमध्ये फसलो तर आपण चार ठिकाणी सांगतो, पण गोरं व्हायला गेले आणि तोंड भाजलं हे कोण सांगेल?

तेव्हापासून मी शिकले थोडं. रुखवतासोबत द्यायला तू ते 'ब्रँडेड' लिपस्टिकचं बारा शेडचं खोकं ऑनलाइन मागवलंयस ना, ते आपण दोघी बसून बघू. बाराही काड्यांच्या बुडाला एकच बॅच नंबर असेल तर संशय घे. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या घाण्यात बनतात, सगळ्यांची पत्रिका एक कशी? त्या कंपनीने कधी काढलाच नाही असा शेडसुद्धा नकली खोक्यात सापडतो. वास घे, रॉकेल किंवा मेणाच्या खडूसारखा आला तर आधी हाताला पण लावू नकोस. खोक्यावरचं स्पेलिंग बघ, मात्र स्पेलिंग बरोबर म्हणजे माल खरा असं समजू नकोस. हल्ली छपाई आपल्या लग्नपत्रिकेपेक्षा चांगली करतात.

आणि 'मोठ्या साइटवरून घेतलंय' हे पण मला सांगू नकोस. साइट मोठी असते, विकणारा तिसराच असतो. अमेरिकेच्या सरकारी तपासनिसांनी 2018 च्या अहवालासाठी नावाजलेल्या संकेतस्थळांवरून अशाच तिसऱ्या विक्रेत्यांकडून गुपचूप वस्तू मागवल्या होत्या. बूट, चार्जर, कप. त्यात एका प्रसिद्ध कंपनीचा मेकअप 13 वेळा मागवला. तेराच्या तेरा नकली. बूट मात्र सगळे अस्सल निघाले, बघ काय गंमत आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी बाजारात धाडी घातल्या, तर पकडलेल्या मेकअपमध्ये जंतू आणि जनावरांची विष्ठा सापडली. तोंडाला लावायच्या वस्तू होत्या त्या. जेवायच्या आधी सांगायला नको होतं, पण असू दे.

खरी डबी आणि आत खोटा माल हा आणखी वेगळा प्रकार. मागच्या वर्षी पार्लरच्या दारात एकजण आला होता, पाठीला गोणी. "ताई, रिकाम्या डब्या-बाटल्या आहेत का? महागड्या कंपनीच्या. झाकण शाबूत पाहिजे. खोकं असेल तर दहा रुपये जास्त." भंगारवाला काचेला किलोचा भाव देतो, हा नगाचा भाव देत होता! कशाला, ते कळायला मला रात्र लागली. आता मी ट्यूब संपली की कात्रीने उभी चिरते, बाटलीचं लेबल खिळ्याने खरवडते. भाओजी हसतात, म्हणतात, ही कुणाचा पुरावा नष्ट करतेय.

टिकल्यांचं पण ऐक. रस्त्यावरच्या सुट्या पाकिटातल्या टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं. रोज एकाच जागी लावून तिथला रंग जातो, कोडासारखा पांढरा ठिपका पडतो. आपल्या आत्याच्या कपाळावरचा तो डाग आठव. वर्षानुवर्षं घरात कुजबुज चालली, तिच्या मुलींच्या लग्नात अडचण नको म्हणून ती त्याच डागावर आणखी मोठी टिकली लावत राहिली. तिचा डाग टिकलीचाच होता की नाही ते मला माहीत नाही. पण एकदा तरी कोणी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं ना?

असो. तू उद्या चारला दुकानात ये, मी दोन गिऱ्हाइकं पुढे ढकललीत. क्रीम आज रात्रीपासून बंद. थोडी काळवंडशील, रडशील, ते मी बघून घेईन. अजून चोवीस दिवस आहेत आणि माझा हात आहे. डबी फेकू मात्र नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आण, डॉक्टरांना दाखवायची आहे. माझ्या ओळखीच्या त्वचेच्या डॉक्टर आहेत, बाई आहेत, ओरडणार नाहीत. लघवीची साधी तपासणी आधी करू, पुढचं त्या सांगतील. मग अन्न व औषध प्रशासनाला फोन लावायचा, 1800-222-365. बोलेन मी, तू फक्त बाजूला बस. नकली सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि कमीत कमी पन्नास हजार दंड आहे कायद्यात. तुझी ती ऑफिसमधली मैत्रीण काही बनवत नसेल, तिलाही कुणीतरी डबी दिली असेल. तिला घाबरवू नकोस, पण विचार, तिला कुणी दिली. आणि ती स्वतः लावत असेल तर तिलाही घेऊन ये.

माझ्या मनात एक सारखं येतंय. परवा तू दोन्ही डब्यांचं बोललीस, एक संपत आलेली, एक मागवलेली. तीन आठवड्यांत एका चेहऱ्याला एवढी मोठी डबी संपत नाही गं. आणि केळवणाला वाढताना काकू वाकली, तेव्हा तिच्याही गालाचा आणि मानेचा रंग मला जुळला नाही.

काकू पण लावते का, मिने?