बंद लॅपटॉप भंगारात देण्याआधी

आमच्या चारकोपच्या सोसायटीचा हिशेब ज्या लॅपटॉपवर होता, तो ऐन ऑडिटच्या तोंडावर बंद पडला. मदरबोर्ड शॉर्ट. दुरुस्तीचा आकडा ऐकला, तर तेवढ्यात चांगला सेकंडहँड लॅपटॉप येत होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आहे तसा ठेवून जा, हजार रुपये देतो." हार्डडिस्क काढून देते म्हटल्यावर त्याने भाव निम्म्यावर आणला. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले. त्या डिस्कवर सभासदांच्या थकबाकीच्या याद्या होत्या, भाडेकरूंचे करार होते, त्यांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती होत्या. मी सोसायटीची खजिनदार. लोकांनी विश्वासाने दिलेले ते कागद हजार रुपयांत कुणाच्याही हाती द्यायचा मला काय अधिकार?

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याला हाताशी घेऊन आम्ही त्या लॅपटॉपचे भाग वेगळे केले आणि जे कामाचं होतं ते कामाला लावलं. उघडण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का ते बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्या ते फुकट ठेवतात. कुठला स्क्रू लांब, कुठला आखूड, कुठली पट्टी आधी सोडवायची, हे त्यात चित्रासकट असतं.

आधी डिस्क. जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क असेल तर काम सोपं: साटाचं केसिंग आणायचं, डिस्क आत सरकवायची, यूएसबीला लावायची. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र एम-डॉट-टू नावाची पातळ पट्टी असते, आणि तिच्यात दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्या, पण एकीचं केसिंग दुसरीला चालेलच असं नाही. पट्टीच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला दाखवा, अंदाजाने घेऊ नका.

आमचं केसिंग बरोबर होतं, डिस्क जोडलीही गेली, आणि स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी चौकट आली. विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आपला रोजचा पासवर्ड तिथे कामाला येत नाही. ती की मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते, आणि आमचं खातं आधीच्या खजिनदारांच्या ई-मेलवर होतं. ते आता विरारला राहतात. फोन केला, त्यांनी शोधून की पाठवली, म्हणून ऑडिट वेळेत झालं. त्यांचा ई-मेल बंद झाला असता तर सगळा हिशेब डोळ्यांसमोर असून हाती लागला नसता. तुमचा लॅपटॉप आज चालू आहे ना? मग आजच ती की कागदावर लिहून फाइलला लावा. सोसायटी, क्लास, दवाखाना, जिथे माणसं बदलतात तिथे तर नक्कीच.

स्क्रीन धडधाकट होती. वॉचमनच्या केबिनमध्ये सीसीटीव्हीचा डीव्हीआर होता, पण मॉनिटर कधीच गेलेला. लॅपटॉपची स्क्रीन थेट डीव्हीआरला जोडता येत नाही, मध्ये कंट्रोलर बोर्ड लागतो. स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलात की चालत लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं. बोर्ड तिथे मिळतो, पण लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं बसवते. पॅनेल सोडवून पाठीमागच्या स्टिकरवरचा नंबर सांगायचा. त्या नंबरावरून पिना ३० की ४० हे ठरतं, आणि बोर्डात कुठला प्रोग्रॅम भरायचा तेही. लॅपटॉप २०१० च्या आधीचा असेल तर स्क्रीनच्या नादी लागू नका; त्यातल्या पुष्कळ पॅनेलांत पाऱ्याची बारीक नळी असते आणि ती पेटवायला शेकडो व्होल्ट लागतात.

बोर्ड आला, सुताराने लाकडी चौकट करून दिली, आणि मुलाने लॅपटॉपचाच अडॅप्टर उचलला. "काकू, पिन बसतेय!" पिन खरंच बसत होती. मी त्याला दोन्हीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, बोर्डावर १२ व्होल्ट. तो गप्प झाला. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नसतं, आणि घरगुती जोडकामात बोर्ड जळतात ते बहुतेक इथेच. आम्ही १२ व्होल्टचा नवा अडॅप्टर आणला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचंही तेच. यूएसबीची वायर जोडून तो वापरता येतो असं सांगणारे खूप, पण पुष्कळ कॅमेरे ३.३ व्होल्टचे असतात आणि यूएसबीतून ५ येतात.

मग कुणीतरी सुचवलं, रिकामी केलेली डिस्क डीव्हीआरमध्येच टाका. मी नको म्हटलं. लॅपटॉपची डिस्क चोवीस तास सलग रेकॉर्डिंग लिहायला बनवलेली नसते, आणि ती नेमकी चोरीच्या रात्री बंद पडली तर कुणाला जाब विचारायचा? ती आता हिशेबाच्या बॅकअपला आहे, महिन्यातून एकदा लावायची आणि कपाटात ठेवायची. रॅम दुसऱ्या सभासदाच्या लॅपटॉपमध्ये चालली, दोन्हीकडे डीडीआर-४ होती म्हणून. कीबोर्ड, पंखा, स्पीकर यांच्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगते, करायचं मात्र सगळ्यात आधी. झाकण उघडल्यावर पहिली सोडवायची ती बॅटरीची पिन. अडॅप्टर काढला तरी बॅटरीतून बोर्डात वीज असते. आमच्या लॅपटॉपचा टचपॅड गेले काही महिने वर आला होता, दाबला तरी क्लिक होत नव्हता. आत बघितलं तर बॅटरी टम्म फुगलेल्या पुरीसारखी. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाही आणि पुन्हा चार्ज तर मुळीच करायची नाही. चिकटलेली असेल तर तिथेच थांबून जाणकाराकडे न्या. आमची सहज सुटली. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ती गच्चीवर, आडोशाला ठेवली.

जुन्या बॅटरीतले सेल काढून पॉवर बँक बनवायचे व्हिडिओ मुलं बघतात. आमच्या आयटीआयवाल्या मुलाच्याही मनात होतं. त्याला मी स्पष्ट नाही सांगितलं. प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टला थांबला पाहिजे, आणि वेगवेगळे झिजलेले सेल एकापुढे एक (सिरीजमध्ये) बांधले की एक आधी भरतो, दुसरा मागे राहतो. भरलेल्यात वीज जात राहिली की तो तापतो, पेटतो. वन रूम किचनमध्ये उशाशी चार्जिंगला लावलेली ती वस्तू, आणि जिन्यात चपलांची कपाटं. आग लागली तर माणसं बाहेर पडणार कुठून?

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकलीत तर ती कचरा दाबणाऱ्या गाडीत जाते, आणि तिथे सफाई कामगार उभे असतात. परवानाधारक ई-कचरा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर आहे. चार सोसायट्यांनी मिळून फोन केला तर गाडी न्यायला येण्याची शक्यता वाढते. माळ्यावर जुना लॅपटॉप पडला असेल, तर या रविवारी खाली उतरवा आणि आधी त्याची बॅटरी बघा.