मेंढ्यांच्या खाद्यातील पुड्या : कोणत्या विषाला कोणता उतारा?

पशुखाद्याच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांशेजारी लहान पिशव्यांची एक रांग दिसते. 'चाऱ्यातील सर्व विषे शोषून घेते' असे काहींवर छापलेले असते. आपल्यापैकी काही बंधू हा माल विकतात. काही जण ईदपूर्वी मेंढ्या घेऊन महिना-दोन महिने चारतात आणि ही पुडी विकत घेतात. माझा धंदा कापडाचा. परंतु आयात लोकरीच्या भावाचा मागोवा घेता घेता ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या कुरणांविषयी बरेच वाचण्यात आले, आणि तेव्हापासून 'सर्व विषे' हे शब्द दिसले की माझा पैसे काढणारा हात थांबतो.

रंगारी बंधूंना हे लगेच समजेल. फिटकरीने मंजिष्ठाचा रंग सुतावर पक्का बसतो, पण नॅप्थॉलच्या रंगाला तिचा काही उपयोग नाही. तरुणपणी मी एका विक्रेत्याच्या शब्दावर 'सगळे रंग पक्के करणारी' पूड घेतली होती. चाळीस लुंग्यांचा लाल रंग पहिल्याच धुण्यात गेला. कुरणातील विषांचा मामलाही असाच आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात फॅलॅरिस नावाचे गवत फार पेरतात. ते मूळ भूमध्य सागराकडचे, टिकाऊ आणि भरपूर चारा देणारे. परंतु त्यातील काही द्रव्ये मेंढीच्या मज्जासंस्थेवर असर करतात. मेंढी मान हलवते, थरथरते, हाकलली की पाय अडखळून पडते. गवत बदलल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, हा रोग वर येतो आणि मग तो बरा होत नाही. 1950च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांना आढळले की मेंढीला तोंडावाटे नियमित कोबाल्ट दिले तर हा रोग टळतो. मात्रा अगदी थोडी, मिलिग्रॅममध्ये मोजण्याजोगी. कोबाल्टचे काम मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटात चालते, म्हणून ते तेथे पोचणे आवश्यक असते.

दर आठवड्याला हजारो मेंढ्या धरून औषध पाजणे कोणाला परवडणार? म्हणून कोबाल्टची जड गोळी तयार झाली. ती गिळवली की वजनामुळे मेंढीच्या पोटातच बसून राहते व हळूहळू झिजते. पुढे असे दिसले की गोळीवर चुन्यासारखे कवच चढते आणि कोबाल्ट सुटणे बंद होते. तेव्हा गोळीबरोबर लोखंडाचा एक लहान स्क्रू गिळवू लागले. दोन्ही एकमेकांवर घासत राहतात आणि कवच बसत नाही. कारागिराच्या डोक्याचीच ही युक्ती! मात्र हेच गवत खाऊन काही मेंढ्या एकाएकी मरतात. तो प्रकार वेगळा आहे आणि कोबाल्टने तो टळत नाही. गवत एकच, तरी उतारा अर्ध्याच रोगाला.

न्यूझीलंडची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस, हवा उबदार व दमट असताना, रायग्रासच्या कुरणातील वाळक्या पाचोळ्यावर एक बुरशी वाढते. तिच्या बीजकणांतील विष मेंढीच्या यकृतातील पित्तनलिका बिघडवते. हिरव्या चाऱ्याच्या पचनातून तयार होणारे एक द्रव्य एरवी पित्तावाटे बाहेर पडते. ते मग रक्तात साचते. अशा मेंढीच्या तोंडावर व कानांवर ऊन पडले की कातडी भाजते, सुजते. म्हणून रोगाला चेहऱ्याचा इसब असे नाव पडले, परंतु खरे नुकसान यकृताचे असते. ज्यांचा चेहरा स्वच्छ दिसतो अशा अनेक मेंढ्यांचे यकृतही आतून बिघडलेले असते. मेंढीचा सौदा केवळ तोंड पाहून करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावरचा उतारा लोकांसमोर आणला तो ते अरोहा गावच्या ग्लॅडिस रीड या गायी पाळणाऱ्या बाईंनी. 1970च्या दशकात त्यांनी गायींना जस्त देऊन तजुर्बा घेतला. आरंभी तज्ज्ञांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे रुआकुरा येथील सरकारी संशोधन केंद्राच्या चाचण्यांत जस्ताचा गुण सिद्ध झाला. हे विष शरीरात तांब्याच्या साहाय्याने घात करते. जस्त त्या विषाला धरून ठेवते आणि ती क्रिया रोखते.

वापरतात ते झिंक ऑक्साइड, म्हणजे रंगाच्या व मलमाच्या धंद्यातील ओळखीची पांढरी भुकटी. मेंढीच्या दर किलो वजनास रोज साधारण 20 ते 25 मिलिग्रॅम जस्त असा हिशेब असतो. पन्नास किलोच्या मेंढीस सुमारे एक ते सव्वा ग्रॅम. पाजण्याचा त्रास वाचवण्यासाठी काही आठवडे पुरणारी जस्ताची गोळीही मिळते. परंतु जस्त विष पोटात जाण्यापूर्वी सुरू करावे लागते. यकृत बिघडल्यानंतर दिलेली पुडी म्हणजे आग विझल्यावर आणलेले पाणी. शिवाय जास्त मात्रेत किंवा फार दिवस दिले तर जस्तच स्वादुपिंडाला इजा करते. म्हणून तेथील शेतकरी अंदाजाने औषध सुरू करीत नाही. तो कुरणातील गवत कापून धुतो आणि त्या पाण्यातील बीजकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजवून घेतो. एक ग्रॅम गवतात लाखाच्या वर कण निघाले की धोका समजतात.

त्याच रायग्रासमध्ये आणखी एक बुरशी असते, ती पानाच्या आत राहते आणि बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते. तिच्यामुळे मेंढ्या झोकांड्या खातात, हे 1981 मध्ये न्यूझीलंडमध्येच उघड झाले. येथे जस्त व कोबाल्ट दोन्ही निकामी! विष शोषणाऱ्या पुड्या याच रोगासाठी विकल्या जातात. त्यांत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड किंवा यीस्टच्या पेशींचे कवच असते. बेंटोनाइटने पेंडीतील अफ्लाटॉक्सिन चांगले धरले जाते. रायग्रासच्या विषाबाबत मात्र चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. तेथील जाणता मेंढपाळ आधी कळप हळू हाकतो आणि कुरण बदलतो. बहुतेक मेंढ्या काही दिवसांत सावरतात. ही बुरशी गवताला किडीपासून वाचवते, म्हणून ती समूळ काढणेही परवडत नाही. अखेर झोकांड्या न आणणाऱ्या बुरशीचे निवडक वाण शोधले गेले आणि 2001 पासून ते गवताच्या बियाण्याबरोबर विकले जाऊ लागले. म्हणजे इलाज पुडीत नव्हे, बियाण्यात सापडला.

तेव्हा विक्रेत्याला मी एवढेच विचारीन की ही पुडी कोणत्या विषावर आहे, त्या विषावर आणि मेंढीवरच चाचणी झाली आहे काय, आणि आधी द्यायची की नंतर. विकणाऱ्या बंधूंनी हे गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट पाहू नये. माल आपल्या हातून जातो, जिम्मेदारीही आपलीच.

आपल्या माळांवर फोफावलेली घाणेरी हे याचे घरचे उदाहरण होय. दुष्काळात मेंढी ती खाते. यकृत बिघडून उन्हाने कातडी भाजते ती न्यूझीलंडच्या मेंढीसारखीच. परंतु विष निराळे, म्हणून येथे जस्ताची पुडी उपयोगाची नाही. येथे मात्र कोळशाची पूड कामी येते, आणि बेंटोनाइटही, जे आपण अर्थिंगच्या खड्ड्यात भरतो. पोटात राहिलेली घाणेरी विष सोडत राहते, त्यामुळे खाल्ल्यानंतरही मोठ्या मात्रेत ते पाजले तर मेंढी वाचू शकते. मात्रा पशुवैद्याकडून घ्यावी, आणि तोवर मेंढी सावलीत बांधावी.