आधी गिऱ्हाईक शोध
(वेरूळच्या मामाचं, ऊर्जा कंपनीच्या हिशेब खात्यात नुकत्याच लागलेल्या भाचीला सांगणं)

पोरी, एक्सेल उघडायच्या आधी गिऱ्हाईक शोध. ही गोष्ट ३१ मार्चला बाजारात नेली तर घेणारा कोण, आणि तो काय देईल? रास्त मूल्याचं सगळं शास्त्र इथून सुरू होतं. इंड एएस ११३ या हिशेबाच्या मानकात हेच जड भाषेत लिहिलंय: मोजणीच्या दिवशी बाजारातल्या जाणत्या लोकांमध्ये रीतसर व्यवहार झाला, तर मालमत्ता विकून जे हाती येईल किंवा देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायला जे मोजावं लागेल, ते. आपण ती वस्तू कितीला घेतली होती, हा प्रश्न त्यात नाही. साहेबांना ती कितीची वाटते, हा तर मुळीच नाही.

‘रीतसर’ या शब्दावर बोट ठेवून राहा. वेरूळ फाट्यावरची दोन एकर कुणी लेकीच्या लग्नाच्या घाईत आठ दिवसांत फुंकून टाकली, तर तो फाट्याचा भाव होत नाही. आणि घृष्णेश्वराचं शिखर गच्चीतून दिसेल म्हणून एखाद्या हौशी हॉटेलवाल्याने दुप्पट मोजले, तरी तो होत नाही. अडलेला विकणारा आणि भाळलेला घेणारा, दोघांनाही बाजूला बसव.

आता कपाटं लाव. ताळेबंदातली प्रत्येक वस्तू रास्त मूल्याने मांडायची नसते. पैसा ठरल्या तारखांना मुद्दल-व्याजाच्या रूपाने येणार असेल आणि कंपनी तो वसूल करण्यासाठीच धरून बसली असेल, तर ती परिशोधित खर्चाने राहते. रास्त मूल्य फक्त टिपणात. म्युच्युअल फंडाची युनिटं, शेअर, फॉरवर्ड कव्हर, स्वॅप यांची गोष्ट वेगळी, ती रास्त मूल्यानेच मांडायची. ही विभागणी इंड एएस १०९ सांगतं, मोजायचं कसं ते ११३ सांगतं. नव्या पोरांची अर्धी गल्लत या दोहोंची सरमिसळ केल्याने होते.

टिपणात एक वाक्य वर्षानुवर्षं चिकटवलं जातं: ‘व्यापारी येणी अल्पमुदतीची असल्याने त्यांची पुस्तकी रक्कम हेच जवळपास रास्त मूल्य.’ वाक्य बरोबर आहे, पण येणी खरोखर अल्पमुदतीची आहेत का ते बघून मग चिकटव. वीजनिर्मिती कंपनीचं गिऱ्हाईक बहुतेक सरकारी वितरण कंपनी असतं, आणि तिची उधारी कशी लांबते ते तुला कळेलच. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे नवे नियम आणले. वितरण कंपन्यांना जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडायची मुभा मिळाली, मोठ्या थकबाकीला ४८ महिन्यांपर्यंत, आणि त्या काळात वर अधिभार नाही. कंपन्या खूश झाल्या, की बुडीत वाटणारा पैसा येणार. हिशेबनिसाने मात्र कागद घ्यायचा. समज ४८ कोटी येणं आहे, महिन्याला एक कोटी. वर्षाला ९ टक्के दर धरला तर त्याचं आजचं मोल जेमतेम ४०.२ कोटी भरतं. पावणेआठ कोटी कुणी बुडवले नाहीत, ते काळाने खाल्ले. पुस्तकात ४८ ठेवून ‘अल्पमुदतीची’ म्हणणं मग जमत नाही.

ठेवींचंही तसंच, पण उलटं वळण घेऊन. जागेच्या भाड्यापोटी १० वर्षं बिनव्याजी अडकलेली एक कोटीची अनामत ९ टक्क्यांनी आज ४२ लाखांच्या आसपास येते. हे शिकल्यावर पोरं वीजग्राहकांच्या सुरक्षा ठेवीलाही तीच कात्री लावायला धावतात. थांब. ग्राहकाने जोडणी बंद करून मागितली की जी ठेव परत द्यावी लागते, ती मागताक्षणी देय आहे, आणि मागताक्षणी देय असलेल्या देण्याचं रास्त मूल्य त्या रकमेच्या खाली नेता येत नाही. शिवाय विद्युत कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे तिच्यावर व्याजही द्यावं लागतं. दोन्ही खात्यांचं नाव ‘अनामत’, पण वागणूक दोन जातींची. म्हणून खात्याचं नाव वाचू नकोस, करार वाच.

देणी मोजताना आणखी एक चमत्कार दिसेल. कंपनीची पत घसरली की तिच्या रोख्यांचा भाव पडतो, म्हणजे तिच्याच देण्याचं रास्त मूल्य कमी होतं, आणि कागदावर नफा उमटतो. घर पडायला आलंय आणि हिशेबात बरकत! म्हणूनच, रास्त मूल्याने मांडायचं ठरवलेल्या देण्यावरचा स्वतःच्या पतीमुळे झालेला फरक साधारणपणे नफा-तोट्यात न घेता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात न्यायला सांगितलंय. तो नफा कुणी सादरीकरणात मिरवायला निघालं तर हळूच कानात सांग.

आता पातळ्या. शेअर बाजारात रोज भाव फुटतो ती पहिली पातळी. तोच भाव घ्यायचा, त्याला हात लावायचा नाही. भाव थेट नाही, पण व्याजदर, डॉलरचा दर असे बाजारात दिसणारे आकडे वापरून मोजता येतं ती दुसरी. तुझं फॉरवर्ड कव्हर यात बसतं. बँक तिमाहीला त्याचं पत्रक पाठवते. ते जसंच्या तसं चिकटवायचं नाही, एफबीआयएल ही संस्था जाहीर करते ते बाजारदर घेऊन स्वतः एकदा मोजायचं, आणि पत्रकात बँकेच्या व आपल्या पतीचा विचार केलाय का ते विचारायचं. बहुधा केलेला नसतो. बाजारात न दिसणारा, आपण ठरवलेला आकडा निर्णायक असेल ती तिसरी पातळी. दहा आकडे बाजारातले आणि एकच आपला, पण तो एक जड असेल, तर सगळी वस्तू तिसरीत जाते. इथे घासाघीस होते, कारण तिसरीत गेलं की खुलासे वाढतात. वाढू देत.

तिसऱ्या पातळीचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, शेतीच्या फीडरला दिवसा वीज देणारा. अशा एखाद्या प्रकल्पाच्या छोट्या कंपनीत तुमच्या कंपनीने भाग घेतलेत असं समज. बाजारात नोंद नाही, वीजदर २५ वर्षं बांधलेला. सगळं काही डिस्काउंट रेटवर झुलतं. वर्षाला एक कोटी असे २५ वर्षं येणार असतील, तर ८ टक्क्यांनी त्याचं मोल १०.६७ कोटी, १० टक्क्यांनी ९.०८, १२ टक्क्यांनी ७.८४. पॅनलं तीच, ऊनही तेच. म्हणून दर कुठून आला हे विचारल्याशिवाय व्हॅल्युअरच्या अहवालाचं शेवटचं पान वाचू नकोस. वितरण कंपनी उशिरा पैसे देईल ही भीती त्याने वसुलीच्या तारखांत घातली असेल आणि दरातही, तर एकाच जोखमीचे दोनदा पैसे कापलेत.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांकडे दुसराच नमुना भेटेल. वीज नियम २००५ प्रमाणे सामूहिक कॅप्टिव्ह प्रकल्पात वापरणाऱ्यांकडे किमान २६ टक्के मालकी लागते आणि ५१ टक्के वीज त्यांनी वापरावी लागते. म्हणून कारखाने सौर कंपनीचे शेअर घेतात. व्हॅल्युअर मग त्या कंपनीच्या सगळ्या भविष्याचं गणित मांडून २६ टक्क्यांचं भलंमोठं मूल्य काढतो. पण भागधारकांचा करार उघडलास तर बहुधा एक कलम सापडेल: वीजकरार संपला की शेअर दर्शनी किमतीलाच परत द्यायचे. मग घेणारा कशाचे पैसे देईल? दर्शनी किंमत अमुक वर्षांनी मिळणार आहे, तिच्या आजच्या मोलाचे. मधल्या काळात लाभांश खरोखर मिळत असेल तर त्याचे. फुगलेलं मूल्य त्या एका कलमाने बसतं.

आणि एन्रॉन. तुझ्या जन्माआधीची गोष्ट, पण या धंद्यात आलीस तर तोंडपाठ हवी. अमेरिकेच्या बाजार नियामकाने जानेवारी १९९२ मध्ये एन्रॉनला वायूच्या सौद्यांसाठी बाजारभावाने हिशेब ठेवायची परवानगी दिली. लांब मुदतीच्या सौद्यांचा पुढच्या वर्षांतला अपेक्षित नफा सही होताच पुस्तकात येऊ लागला. जवळच्या वर्षांचे भाव बाजारात दिसत होते; लांबच्या वर्षांचे भाव कंपनीचेच लोक आखत होते, आणि त्याच सौद्यांवर बोनस ठरत होते. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एन्रॉनचा आपल्याकडचा दाभोळ वीजप्रकल्प बंद पडायची कारणं वेगळी, वीजदराची आणि राजकारणाची; ती या पद्धतीच्या माथी मारू नकोस. पण दाभोळ दुसरा धडा देतं. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, वीज घेणारं एकच, राज्य वीज मंडळ. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं. टर्बाइनं जागच्या जागी होती, करारही कागदावर होता. एन्रॉन आपला हिस्सा विकायला फिरत होती आणि घेणारा मिळत नव्हता. अखेर २००५ मध्ये एनटीपीसी, गेल आणि वित्तसंस्थांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी केली. एकच गिऱ्हाईक असलेल्या कराराची भविष्यातली आवक मांडताना त्या गिऱ्हाइकाची पत आणि मर्जी दोन्ही तपास. मर्जीचा आकडा कुठल्याच टर्मिनलवर दिसत नाही, म्हणून ती वस्तू तिसऱ्या पातळीची.

शेवटी फायलीचं सांगतो. दर कोणी सुचवला, कोणी मान्य केला, कोणत्या तारखेला, तो एक टक्का वर-खाली झाला तर काय होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेव. पद्धत बदललीस तर का बदलली तेही. मार्चनंतर एखादी गुंतवणूक खरोखर विकली गेली, की मिळालेली किंमत आणि आपण मांडलेलं मूल्य शेजारी शेजारी लिही. ऑडिटर हा कागद क्वचितच मागतो, तरी दरवर्षी कर. तीन-चार वर्षांचे कागद जमले की कोणता व्हॅल्युअर नेहमी वरच्या बाजूला चुकतो, ते तुला त्याच्या फीच्या बिलाआधी कळेल.