अरबी समुद्रापासून दिल्लीपर्यंत : एका मान्सूनपूर्व चक्री वादळाचा प्रवास

दिल्ली समुद्रापासून फार दूर आहे. मे महिन्यात तेथे उष्ण व कोरडे वारे वाहतात आणि पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. परंतु १९ मे २०२१ रोजी सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान केवळ २३.८ अंश नोंदले गेले. हे नेहमीपेक्षा सुमारे १६ अंशांनी कमी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत तेथे ११९.३ मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा तेथील पूर्वीचा उच्चांक ६० मिलिमीटरचा असून तो १९७६ मधील होता. एवढे पाणी आले कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस लक्षद्वीपच्या समुद्राकडे वळले पाहिजे.

वादळाचा जन्म

चक्री वादळ निर्माण होण्यास मुख्यतः तीन गोष्टी अनुकूल असाव्या लागतात. पहिली, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंशांहून अधिक असणे. दुसरी, विषुववृत्तापासून काही अंतर असणे. कारण पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यास मिळणारे वळण विषुववृत्तावर नाहीसे होते. तिसरी, खालच्या व उंचावरील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फारसा फरक नसणे. भर पावसाळ्यात हा फरक फार मोठा असतो. म्हणूनच आपल्याकडील प्रबळ वादळे बहुधा मान्सूनच्या आधी किंवा त्याच्या परतीनंतर येतात.

उबदार समुद्रावरून वर चढणारे बाष्प थंड होऊन त्याचे मेघ बनतात. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता मुक्त होते. या उष्णतेने हवा आणखी तापून वर जाते, खालचा वायुभार घटतो आणि भोवतालची दमट हवा आत ओढली जाते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. वादळ हे एक प्रचंड उष्णतायंत्रच होय. समुद्राचे बाष्प हे त्याचे इंधन.

तौक्तेचा मार्ग

१३ मे रोजी आग्नेय अरबी समुद्रात न्यूनभाराचे क्षेत्र तयार झाले. १४ तारखेच्या रात्रीपर्यंत त्याचे चक्री वादळात रूपांतर झाले. म्यानमारने सुचविलेले ‘तौक्ते’ हे नाव त्यास मिळाले. ब्रह्मी भाषेत हे एका पालीचे नाव आहे. उंचावरील वायुप्रवाहांनी त्यास उत्तरेकडे नेले. केरळ, कर्नाटक व गोवा यांच्या किनाऱ्यांस समांतर जात ते १७ मे रोजी मुंबईच्या पश्चिमेस पोहोचले. कुलाबा येथे वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. त्याच रात्री दीवजवळ ते भूमीवर चढले.

भूमीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटला. डोंगर, वृक्ष व इमारती यांच्या घर्षणाने वाऱ्याचा वेग ओसरला आणि १९ तारखेस राजस्थानावर केवळ न्यूनभाराचे क्षेत्र उरले. तथापि वारा थकला तरी बाष्प शिल्लक होते. त्याच वेळी पश्चिमेकडून येणारा एक वातावरणीय विक्षोभ उत्तर भारतावर आला होता. दोहोंच्या संयोगाने ती दमट हवा उचलली गेली आणि दीवपासून सुमारे १,००० किलोमीटर अंतरावरील दिल्लीत पाऊस कोसळला.

इशाऱ्याचे मोल

उत्तर हिंदी महासागरातील वादळांचे इशारे दिल्लीतील भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या केंद्रातून दिले जातात. वादळाचा अंदाज वेळेवर मिळाल्याने गुजरातमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांस सुरक्षित स्थळी हलविता आले. याउलट, मुंबईजवळील तेलक्षेत्रात उभी असलेली ‘पी-३०५’ ही निवासी नौका नांगर तुटून वाहत गेली व बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. नौदलाने जीवावर उदार होऊन अनेकांस वाचविले, तरी सत्तरांवर लोक प्राणांस मुकले. किनाऱ्यावरील माणसे हलविली गेली, समुद्रातील नौका मात्र राहिली. इशारा मिळणे ही रक्षणाची अर्धीच बाजू. तदनुसार वेळीच कृती होणे ही दुसरी होय.

वादळ किनाऱ्यावर आले म्हणजे संपले, असेही मानू नये. वाऱ्याचा धोका किनाऱ्याशी असला, तरी पाण्याचा धोका देशाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचू शकतो.

अभ्यास

१. भारताच्या नकाशावर लक्षद्वीप, मुंबई, दीव व दिल्ली ही स्थाने दाखवून वादळाचा मार्ग रेखाटा.

२. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर दिलेल्या पावसाने दिल्लीतील १०० चौरस मीटरच्या गच्चीवर किती लिटर पाणी पडले असेल?

३. भूमीवर आल्यावर वादळाचा वारा का मंदावतो, आणि पाऊस मात्र पुढे का पडत राहतो?