पाहुणा गावाचा: शहापूर-मुरबाडच्या पर्यटनात काय करावे, काय टाळावे

माहुली, आजोबा, गोरखगड, नाणेघाट, माळशेज. मुंबई-ठाण्याहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतेल एवढ्या अंतरावर हे सगळे आहे, त्यामुळे गर्दी येतेच. त्या गर्दीतून गावाच्या पदरात काय पडते, हे गावाचे पुढारपण कोण करतो आणि तो कोणाकोणाला सोबत घेतो यावर ठरते.

काय करावे

• पहिला निर्णय ग्रामसभेत करावा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार दिले आहेत. मुक्काम कुठे, गाड्या कुठे, एका दिवशी किती पाहुणे, याचा ठराव लिहून ठेवावा. वाट जंगलातून जात असेल तर वन खात्याला आधीच बोलवावे. माहुली तर तानसा अभयारण्यातच आहे.

• जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे काम घरोघरी पाळीने द्यावे. पैशाचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजव्यांच्या दिवसांत पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. तिथे एकदा जाऊन, राहून, त्यांची पद्धत बघून यावी.

• पाण्याचा हिशेब पैशाच्या आधी मांडावा. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसातून येतो. त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते. म्हणून उन्हाळ्यात पाहुण्यांची संख्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवावी आणि ती ठरवताना पाणी भरणाऱ्या बायकांचा शब्द शेवटचा मानावा. पाहुण्यालाही हे सरळ सांगावे. समजूतदार माणूस बादलीभर पाण्यात आंघोळ करतो आणि हे पाणी कुठून आले ते आयुष्यभर विसरत नाही.

• नवे काही हवे असेल तर आधी आपल्याच घरात शोधावे. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं आणि त्यांची खाज घालवायला लागणारी काकडं, टाकळा, कुर्डू, भारंगी हे सगळे ओळखणाऱ्या आजीसोबतची रानातली सकाळ कुठल्याही रिसॉर्टला विकत आणता येणार नाही. त्या सकाळचे मानधन आजीच्याच हातात द्यावे.

• वाटाड्या तरुणांना इतिहास नीट शिकवावा. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. वैशाखरे बाजूने नाणेघाट चढला की सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आणि दगडी रांजण लागतो. हे सांगता येणाऱ्या मुलाला चांगली मजुरी मिळते, मिळायलाच हवी.

काय टाळावे

• सगळे आरक्षण एकाच्या मोबाइलवर ठेवू नये. तो माणूस कितीही भला असला तरी वर्षभरात गावात दोन तट पडतात.

• पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला की तो मोडून कोणाला नेऊ नये. घाटात दरड कोसळते, ओढा बघता बघता चढतो. वाटाड्या ‘आज नाही’ म्हणाला की त्याच्यामागे सगळ्या गावाने उभे राहावे, बुडालेल्या पैशाची भरपाईही सामायिक निधीतून करावी. पुढारपणाची खरी परीक्षा इथे होते.

• कातकरी, ठाकर वस्त्यांमध्ये न विचारता कॅमेरे नेऊ नयेत. सणाचा नाच फर्माईशीवर करायला लावू नये.

• काजव्यांच्या झाडांखाली बॅटरी, गाडीचे दिवे आणि लाउडस्पीकर नको.

• तरणतलाव नको. त्यावर आणखी चर्चा करण्याची गरज नाही.

• प्लॅस्टिकचा कचरा गावातल्या पोरांनी उचलायचा, ही सवय लावू नये. ज्याने आणला त्यानेच तो परत न्यावा.

१ मे रोजी ग्रामसभा भरते आणि पावसाळी गर्दी त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात सुरू होते. हे विषय त्या सभेत यावेत म्हणून एप्रिलमध्येच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी पत्र द्या, आणि त्यावर बचत गटातल्या बायकांच्या सह्या आधी घ्या.