सतरंजीवर कोण, उंबऱ्यावर कोण?



रोवणी संपल्यावर एका गावात गटाची मासिक बैठक होती. बचत जमा करून पासबुकात नोंदी सुरू होत्या. तेवढ्यात एक अनोळखी बाई दाराशी आली. लुगडं मळलेलं, पायाला चिंधी बांधलेली, डाव्या हाताची बोटं आखडलेली. ती सतरंजीवर आली नाही, उंबऱ्यापाशीच टेकली. माझ्या बाजूच्या ताईनं हळूच विचारलं, "कोन होय वं हे?" दुसरी म्हणाली, "तिची बोटं पाहा ना." दोघी जराशा सरकल्या. खरं सांगते, मीही सरकले. सहयोगिनी आहे, आरोग्याचं प्रशिक्षण घेतलं आहे, तरी सरकले. बैठक संपायच्या आत ती उठून गेली. कोणी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्ये याकोबाचं एक पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात अशाच एका बैठकीची गोष्ट येते. सभेत एक माणूस सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यातला गरीब. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगतात, तू तिकडं उभा राहा, नाहीतर खाली पायाशी बस. याकोब हे देवाला मानणाऱ्या आपल्याच माणसांना खडसावून विचारतो : असा भेद करणारे तुम्ही न्याय करायला बसलात का? वाचताना मला आपली सतरंजीच दिसली.

आणि अंगठीवाल्याचंही बघा. इस्त्रीचे कपडे, हातात फाईल, गोड बोलणं असलेला माणूस गावात आला की आपण खुर्ची देतो, चहा ठेवतो. तो पैसे दुप्पट करून देतो म्हणाला तर त्याचं ओळखपत्र मागायलाही लाजतो. मळक्या लुगड्याची मात्र सगळी चौकशी! कपड्यावरून माणूस ओळखायला गेलं की दोन्हीकडून फसायला होतं.

येशूची गोष्ट मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे. त्या काळी कुष्ठरोग्यानं वस्तीबाहेर राहायचं, कोणी त्याला शिवायचं नाही. असा एक जण येशूपुढं गुडघे टेकतो. येशू त्याला आधी हात लावतो, मग तो बरा होतो. बरा हो, मग जवळ घेतो, असं नाही.

आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याला काय घडलं ते पुष्कळ जणींना माहीत आहे, पण त्यातला एक भाग आपण घाईनं ओलांडतो. बाबा आमटे वकील होते. गोऱ्या शिपायांच्या तावडीतून एका बाईला सोडवायला ते एकटे भिडले होते, म्हणून गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटलं. याच बाबांना एका पावसाळी रात्री गटारात पडलेला तुळशीराम दिसला. बोटं झडलेली, अंगात किडे. आणि अभयसाधक घाबरून घरी पळाले! पण मन स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याला खाऊ घातलं, पाऊस लागू नये म्हणून बांबूचा आडोसा केला, आणि तुळशीराम जाईपर्यंत त्याची सेवा केली. पुढं 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि साधनाताईंच्या साथीनं आनंदवन उभं राहिलं. तरी सुरुवातीला वरोऱ्यातले लोक तिथली भाजी विकत घेत नसत. परदेशी तरुण श्रमदानाला आले, तिथलंच अन्न जेवले, तेव्हा कुठं लोकांची भीती उतरली. भाजी विकणाऱ्या आपल्या बायांना कळेल, न खपलेली टोपली घरी नेताना कसं वाटतं ते.

मला धीर देतो तो पळून जाण्याचा भाग. पहिली भीती सगळ्यांना वाटते. परत जायचं की नाही, ते आपल्या हातात असतं.

आठवड्यानं मी त्या बाईच्या लेकीच्या घरी गेले. बाई लेकीकडंच राहायला आली होती. म्हणाली, "औषध बारा मईने खाल्लं, पुरं केलं. पन बोटं काही सरळ झाली नाही." आजार बरा झाला तरी शिरांना झालेली इजा राहू शकते, म्हणून वाकडी बोटं म्हणजे चालू आजार नव्हे. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग पसरणं थांबतं. सतरंजीवर शेजारी बसल्यानं तो होत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर आशाताईला दाखवा, लपवू नका. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्याच कारणावरून घटस्फोट मागता येत नाही, तसा कायद्यात बदल 2019 मध्ये झाला.

आपल्यातल्या कितीतरी जणी मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथं भाषा येत नाही, लुगडं मातीनं भरलेलं. दुकानदार आपल्याकडं कसा बघतो, ते आठवा.

त्या बाईला गटात यायचं आहे. येत्या बैठकीत हा विषय आहे. दोघी अजून "नको" म्हणतात, एक म्हणते मी बचत काढून घेईन. त्यांच्यावर मी रागावले नाही, कारण सरकणाऱ्यांत मीही होते. मी त्या दिवशी लवकर जाणार आहे आणि तिला माझ्या बाजूला बसवणार आहे.

हा पाठ तुमच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. वाचून झाल्यावर दाराकडं एकदा बघा, तिथं कोण बसलंय.